मेंढरं बसली की हलायचं न्हाई

शिरूर आन् दौंड, दोन्ही तालुके मिळून माझ्याइतकी माणसं शवासनात कुणी झोपवली नसतील. ती आसनानं न्हाई, तुमच्या बडबडीनं झोपतात, असं माझी बायको सुनंदा म्हणती. आन् तिनं माझा वर्ग एकदाच केलाय, तोबी घोरत.

मी बबन. रांजणगावच्या एका कंपनीत योगासनाचा मास्तर. कंपनीत मला योगासर म्हणतात, गावात वाकड्या म्हणतात. दिवाळी अंकवाली पोरं आली, म्हणली, मामा, तुमच्या कामाचं चार पानं लिहून द्या. मी म्हणलं, बाबांनो, लिहिण्याचं आन् माझं कवाच जमलं न्हाई. आमची मेंढरं फिरायची, मेंढरांच्या मागं आम्ही फिरायचो, पण आमच्या मागं शाळा काय आली न्हाई. तवा हे मी बोलतोय आन् सूनबाई लिहून घेतीय. मधीच ती हसती. ते तिनं लिहिलेलं न्हाई.

लोकांना वाटतं, योगासर म्हंजी पाय मानंवर घेणारा माणूस. माझा पाय आजवर मानंपर्यंत गेला न्हाई. बुटाची नाडी बांधण्यापुरता हाताशी आला तरी मी खूष. खरं काम येगळंच असतंय. आधी सतरंज्या झटकायच्या. मग माणसं गप करायची. आन् मग नुसतं बघायचं. कोण दात खाऊन बसलाय, कुणाचे खांदे कानाला लागलेत, कुणाचा श्वास गळ्यापर्यंत येऊन तिथनंच माघारी चाललाय. पाळीभर मशीनीपुढं उभा राहिलेला माणूस असतो, त्याला वाकवून काय उपेग? त्याला आधी सोडायला शिकवायचं. हात ढिला सोड म्हणलं की तो हात आणखीन ताठ करतो. सोडणं लई अवघड. मला इचारा, मी बोलणं सोडायला बसलोय, आजून सुटलं न्हाई.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. तळेगाव ढमढेऱ्याचे एक आप्पा व्हते, मोठे ऊसवाले. गाडी घेऊन घरीच आले. म्हणले, "मास्तर, मला मन शांत पायजे. आठ दिवसांत करून द्या."

"आप्पा, एवढी घाई?"

"सोसायटीचं इलेक्शन हाय. फॉर्म भरायच्या आधी शांत झालं पायजे, नंतर येळ मिळायचा न्हाई."

त्यांना मी बसवलं. डोळे मिटले. जरा कुठं चेहरा सैल पडला आन् मांडीवरचा मोबाईल वाजला. आप्पांनी डोळे मिटूनच फोन उचलला आन् मांडी न मोडता ऊसतोडीच्या टोळीला आईमाईवरनं घेतलं. फोन ठेवला आन् म्हणले, "हां, कुठवर आलो व्हतो आपण?" इलेक्शनला पडले. गावभर सांगत सुटले, योगासनानं पडलो.

शिक्रापूरचा एक रामसजीवन. वेल्डिंगचं काम, मुलूख तिकडं उत्तरंला. एका खोलीत समदी पाळीपाळीनं झोपायची, ह्याच्या खाटंवर ह्याच्या आधीचा घामेजून उठलेला असायचा. तो वर्गात यायचा आन् मागं उभा राहायचा. एकबी आसन करायचा न्हाई. मधूनच इचारायचा, "सर, वो लास्ट वाला कब आएगा?" लास्टवालं म्हंजी शवासन. एकदा मी चिडलो, म्हणलं, बाकीचं केल्याबिगर ते मिळायचं न्हाई. त्यो म्हणला, "सर, रूम में सीधा लेटने को जगह नहीं है." त्याला म्हणलं, तू आल्या आल्याच लेट. समदे वाकायचे-उठायचे आन् हा मधी सरळ पडलेला. एकदा इचारलं, डोळे मिटल्यावर काय दिसतं रे? तो म्हणला, "कुछ नहीं सर. गाँव." मला वाटलं व्हतं आपण त्याला काहीतरी शिकवू. मीच त्या दिवशी घरी जाऊन गप बसलो. सुनंदानं इचारलं, ताप आलाय का?

आन् माझी फजिती सांगायची तर शिरूरची सांगतो. जूनमधी योगदिवस असतो, त्या दिवशी आमच्यासारख्याला बैलपोळ्याच्या बैलाचा मान. मला स्टेजवर घेतलं, म्हणले, प्रात्यक्षिक दाखवा. मी जोरात येऊन हलासन घातलं, म्हंजी उताणं पडून पाय डोक्याच्या मागं. पाय गेले. पण माघारी येईनात. कंबर धरली. खाली समदे माझं बघून तसंच करून बसलेले. मी तसाच दुमडून माईकमधी म्हणलं, "ह्याला दीर्घ हलासन म्हणतात. घाई करायची न्हाई." लोकं दमून उठली. पाहुण्यांचं भाषण झालं. आभार झाले. मी हलासनातच. मग मंडपवाल्यानं आन् त्याच्या जोडीदारानं मला खुर्चीसारखा उलगडला.

आता तुम्ही म्हणाल, ह्याला कुणी मास्तर केलं? दौंडच्या बाईंनी.

पहिला मी भाजीच्या टेम्पोवर व्हतो. तळेगावच्या बाजारातनं माल भरायचा, दौंडला उतरायचा. एकदा कोबीचं पोतं उचललं आन् कमरंत वीज चमकली. पट्टा लावला, शेकलं, झाडपाला झाला. तवा दौंडात कुणी म्हणलं, नर्सबाईंकडं जा. बाई दवाखान्यातनं रिटायर झालेल्या, एकट्या राहायच्या, सकाळी पडवीत वर्ग घ्यायच्या. पडवी म्हंजी रेल्वेच्या रुळाला लागून. गाडी गेली की कपबशी नाचायची. मी म्हणलं, "बाई, हिथं ध्यान लागायचं कसं?" त्या म्हणल्या, "गाडी थांबायची वाट बघायची असेल तर दौंडात जन्मात लागायचं नाही."

त्यांनी मला कमरंचं दोन-चार दाखवलं, कंबर सुधारली. मी निघालो. तर म्हणल्या, "कंबर झाली. आता जरा बस." आन् नुसतं बसवायला लागल्या. ताठ बसायचं, श्वास येतो-जातो तो बघायचा. मोजायचा न्हाई, ढकलायचा न्हाई. गाडी आली तरी डोळा उघडायचा न्हाई. मला ते जमंना. शिट्टी झाली की माझा एक डोळा उघडायचा. बाईंचे दोन्ही मिटलेले असायचे तरी त्यांना कळायचं.

"बबन, कुठली होती?"

"मालगाडी, बाई."

"मग आज तू मालगाडीतच बसलास. चटईवर उद्या ये."

असं किती दिवस चाललं असंल, देवाला ठाऊक. मी म्हणायचो, बाई, मला न्हाई जमत, दुसऱ्या कुणाला जागा द्या. त्या म्हणायच्या, "तू रोज ये. जमतंय का नाही ते तू बघू नकोस, ते बघणं माझं काम." एवढंच. पावसात म्हणायच्या ये, लग्नसराईत म्हणायच्या ये. मला वाटायचं, ह्या बाईला आपल्यात काहीतरी दिसतंय. आता वाटतंय, दिसत काय नसंल, पण त्या माझ्यापेक्षा चिवट व्हत्या.

फरक पडला न्हाई असं न्हाई. एकदा शिक्रापूरला चाकणच्या चौकात टेम्पो अडकला, पुढं ट्रक, मागं ट्रक, समदे हॉर्न मारत्यात, आन् बऱ्याच येळानं माझ्या ध्यानात आलं की माझा हॉर्न वाजवायचा राहिलाय. मला वाटलं हॉर्न बिघडला. दाबून बघितला, चांगला व्हता. दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं. त्या पहिल्यांदा हसल्या.

मग बाईंचे गुडघे गेले, लेकीकडं जायचं ठरलं. निघताना सतरंज्यांची वळकटी माझ्याकडं दिली. म्हणल्या, "शिकव."

"बाई, मला येत न्हाई."

"म्हणूनच. येणारा माणूस एखाद्या दिवशी दांडी मारतो. ज्याला येत नाही त्याला रोज यावं लागतं. शिकवशील त्या निमित्तानं तरी बसशील."

त्यांच्या शब्दावर मी रोज सकाळी सतरंजी टाकत आलो. दौंडला गेलो की आजूनबी त्या पडवीवरनं जातो. बाई गेल्या, आता तिथं कुणाच्या तरी मोटारसायकली लागतात. मी कोपऱ्यावर उभा राहतो, डोळे मिटतो, एक गाडी जाऊ देतो. आन् शेवटचा डबा जायच्या आत एक डोळा उघडतोच. कुणी इचारत न्हाई, कुठली व्हती.

पण खरं सांगायचं ते येगळंच हाय. बाई मला जे शिकवत व्हत्या ते मी आधी बघितलं व्हतं. आमच्या आबात.

आबा म्हंजी माझे वडील. आख्खं आयुष्य मेंढरांमागं. कंपन्या यायच्या आधी रांजणगावच्या अंगाला समदा माळ व्हता, कुसळं आन् बाभळी. सकाळभर मेंढरं चरायची, उन्हं चढली की एका बाभळीखाली गोळा व्हायची. आन् मग बसायची. हे बसणं लई नाजूक. मेंढरू एकटं बसत न्हाई. एक बसतं, ते बघून दुसरं, मग हळूहळू समदा कळप खाली जातो आन् रवंथ सुरू होतं. बसलेलं मेंढरू अंग धरतं. पण त्या येळंला कुणी खोकलं, उठलं, दगड जरी सरकला, तरी एक मान वर होती, ते उभं राहतं, आन् त्याच्यामागं आख्खा कळप. मग परत बसत न्हाईत, उन्हातच पांगतात.

म्हणून आबा काठी जमिनीवर एकदा टेकवायचे. टक्. त्याचा अर्थ, आता जिथं असशील तिथं. हलायचं न्हाई, बोलायचं न्हाई. आन् स्वतः उभे. बगलंत काठी, एक पाय भुईवर, दुसऱ्या पायाचा तळवा गुडघ्याला टेकवलेला, खांद्यावर घोंगडं. बाईंनी जवा वृक्षासन दाखवलं तवा मी म्हणलं, बाई, आमच्याकडं हे करत करत लोकं भाकर खातात.

मेंढरांच्या रवंथाचा तेवढा आवाज. आबांचे डोळे उघडे, पण कशाकडंच बघत न्हाईत. झोपेत न्हाईत, विचारात न्हाईत. समदं ठाऊक हाय, पण कशाचंच ओझं न्हाई, असं काहीतरी. मी ल्हान, मला ते बघून असं वाटायचं की आपल्यालाबी तिथं जायचंय, जिथं आबा गेलेत. आन् त्येवढ्यात मला शिंक यायची. न्हाईतर कावळा दिसायचा आन् त्याला दगड मारायचा मोह व्हायचा. कळप उठायचा. आबा मारायचे न्हाईत. नुसते बघायचे. मारलं असतं तर बरं झालं असतं.

एवढी वर्षं मी लोकांना जे सांगतोय ना, मन मोकळं करा, गप बसा, ते आबांच्या डोळ्यातलं बघून सांगतोय. मला ठाऊक न्हाई ते. ऐकीव माल इकतोय.

तवा माझ्या मनात एकच व्हतं. आबांनी एकदा माझ्या वर्गाला यावं. एकदा म्हणावं, बबन्या, जमतंय तुला. मेंढरं इकली, माळ गेला, काचबिंदूनं आबांचे दोन्ही डोळे गेले, अंगणात काठी धरून बसतात. मी दरवर्षी म्हणायचो, आबा, चला एकदा.

"काय करायला?"

"मी शिकवतो ते बघायला. म्हंजी ऐकायला."

"काय शिकिवतो?"

"श्वास घ्यायला."

"मग आजवर काय घेत व्हती ती?"

असं कैक वर्षं. मीबी इचारायचं सोडलं न्हाई. बाईंनी तेवढं एक शिकवलंय, रोज यायचं.

ह्या वर्षी आबा आले. माझ्यासाठी न्हाई, सुनंदा माहेरी गेली व्हती, सूनबाई बाळंतपणाला, आन् घरी त्यांना च्या करून द्यायला कुणी नव्हतं. मी म्हणलं, आबा, कंपनीच्या कँटीनला च्या चांगला असतो. म्हणले, "चल."

स्कूटरवर माझ्या मागं बसवलं. रात्रपाळी सुटती आन् पहिली पाळी चढती, त्याच्या मधी आमचा वर्ग. गेटवर वॉचमननं अडवलं. "चाचा का गेटपास?"

मी म्हणलं, "अरे, माझे वडील हायेत."

"आयडी?"

आबांनी काठी पुढं केली. म्हणले, "हे बघ." वॉचमननं काठीकडं बघितलं, आबांकडं बघितलं आन् सोडलं.

कँटीनमधी टेबलं भिंतीला सारून जागा केलेली असती. आबांना दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं. ते दोन्ही हात काठीवर ठेवून म्हणले, "कुठं आलो आपण?"

"कंपनीत, आबा."

"कंपनी राहू दे. जागा कंची?"

मी म्हणलं, "आपली बाभूळ व्हती ना, मेंढरं बसायची ती. साधारण हिथंच." आबांनी पायातली वहाण काढली आन् फरशीवर तळवा ठेवला.

त्या दिवशी मी जसा वर्ग घेतला तसा जन्मात घेतला नसंल. आबा ऐकतायत ना! एकेक आसन फोडून सांगितलं, फायदे सांगितले, पोटाचे, पाठीचे, मग विनोद केले, मग विनोदाचा अर्थ सांगितला. फेऱ्या मारत व्हतो. शेवटी शवासन आलं. "पायाचे अंगठे सैल सोडा. घोटे सैल सोडा. कालची पाळी विसरा, आजची पाळी विसरा, सुपरवायजरला तर पहिला विसरा..." माणसं पडलेली, मी मधनं चालतोय आन् बोलतोय.

टक्.

दाराकडनं आवाज आला. आबांची काठी.

मी थांबलो. थांबलो म्हंजी ठरवून न्हाई. तोंडातला शब्द तोंडातच राहिला, एक पाय उचललेला, तोबी तसाच दुसऱ्या पायाला टेकवून उभा राहिलो. एवढा म्हातारा झालोय, पण त्या आवाजाला अंग आजूनबी ल्हानच हाय.

आधी पंख्याचा आवाज आला. मग माणसांचे श्वास. एकाचा, दुसऱ्याचा, मग हळूहळू समद्यांचा एकच व्हायला लागला, खाली-वर, खाली-वर. रामसजीवनचं तोंड उघडं पडलेलं, कपाळावरची आठी गेलेली. कुणी दात खात नव्हतं. कुणाचे खांदे कानाला नव्हते. आन् माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. हे मला मागनं कळलं. तवाच कळलं असतं तर तेच डोक्यात आलं असतं. किती येळ ते सांगता यायचं न्हाई. कंपनी नव्हती, कँटीन नव्हतं. बाभळीची सावली असल्यासारखं गार वाटत व्हतं.

आन् मग, काय सांगू तुम्हाला, मला इतका आनंद झाला! आयुष्यभर जे पायजे व्हतं ते आलं! मी दोन्ही हात वर करून मोठ्यांदा म्हणलं, "हेच ते! बघा, हेच ते! हेच मी एवढी वर्षं सांगत व्हतो!"

रामसजीवन दचकून उठून बसला. शेजारचा म्हणला, "सर, सुटलं का?" आन् तो बूट हुडकायला लागला. तो उठला ते बघून त्याच्या शेजारचा, मग समदेच. सतरंज्या झटकल्या, टेबलं ओढल्याचा आवाज, पहिल्या पाळीची गर्दी आत. मी मधी हात वर करून तसाच.

आबांना कँटीनचा च्या काय मिळाला न्हाई, गर्दी झाली. बाहेर फाट्यावर टपरीला थांबलो. आबा बशीत ओतून फुंकून प्यायला लागले. लेकरागत झालं व्हतं मला. एक शब्द पायजे व्हता, एकच.

म्हणलं, "आबा, कसं वाटलं?"

आबांनी बशी संपवली. मिशी पुसली.

"बसली व्हती," ते म्हणले.

"कोण, आबा?"

"माणसं. समदी चांगली बसली व्हती. तू उठिवलीस." काठी हुडकत ते उठले. "ल्हानपणीबी तूच उठवायचास."